देवानं टोचलेले कान

गिरणीचा पट्टा जळत होता आणि मला त्याचा वास येत नव्हता. नाचणीचा डबा घेऊन समोर उभी असलेली बाई पदर नाकाला लावून ओरडली, "अगं सुमन, धूर बघ की! नाक हाय का गहाण टाकलंस?" मी खाली वाकले तर पट्टा घसरून चाकावर घासत होता. बटण बंद केलं. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण नाकाला काहीच नाही. पट्ट्याजवळ नाक नेलं, काही नाही. गरम पिठात नाक खुपसलं, तरी काही नाही.

वेल्ह्याच्या बाजारात मी वीस वर्षं गिरणी चालवतेय. पीठ जास्त तापलं, तांदळाला ओल लागली, डब्यात आधी कुणी मिरची ठेवली होती, सगळं मला वासावरून कळतं. माझं अर्धं काम नाकच करतं म्हणा ना. ते नाक गेलं तेव्हाच मी समजले. त्या बाईला म्हटलं, "डबा राहू दे हितंच. तू लांब हो माझ्यापासनं." ती गेली ती अशी गेली की डबा न्यायला दोन महिन्यांनी आली.

ही कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या एप्रिलची गोष्ट. आता सगळं निवळलंय, मी ठणठणीत आहे, आणि तरी लिहायला बसले. कारण आजारानं मला दमवलं त्यापेक्षा जास्त "तुमच्या रक्तातच आहे" ह्या एका वाक्यानं दमवलं. तुमच्याही घरात कुणी हे वाक्य ऐकून गप्प बसलं असेल, तर हे त्याच्यासाठी.

कानाची खूण

आधी आमच्या भावकीबद्दल सांगायला हवं. आडनाव सांगत नाही, त्याचे आधीच पुरे धिंडवडे निघालेत. आमचं घर वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला. एकाच आडनावाची सतरा घरं. आणि ह्या सतरा घरांत पुष्कळांच्या कानापुढे, जिथं कान गालाला चिकटतो तिथं, जन्मतःच एक बारीक भोक असतं. सुईनं टोचल्यासारखं. कुणाला एका कानापुढे, कुणाला दोन्ही. भावकीत त्याचा कोण तोरा! "आमच्या पोरास्नी देवच कान टोचून धाडतो" असं म्हणायचे. मूल जन्मलं की आधी कान बघायचे, मग मुलगा की मुलगी ते.

माझे थोरले दीर, त्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांच्या दोन्ही कानांना भोकं होती. माझ्या नवऱ्याच्या एकाही कानाला नाही. तात्या त्यांना जन्मभर चिडवायचे, "तुझ्या येळंला देवाची सुई हरवली व्हती." आमच्या रूपाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, डाव्या कानाला आहे. कापूरहोळच्या किरणची आई तिला बघायला आली, तेव्हा तात्यांनी स्वतः रूपाचे केस बाजूला करून कान दाखवला. "बघून घ्या. नशीबवान लेक हाय आमची." मला मेलीला लाज वाटली, पण विहीणबाई खूश झाल्या. जानेवारीत साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात धरलं.

आणि आणखी एक तोरा होता, तो मी लपवणार नाही, कारण त्यात मीही होते. पहिल्या लाटेत आमच्या वाडीत एकालाही काही झालं नाही. मग आम्ही ठरवूनच टाकलं, हा शहरातला रोग. तात्या पारावर बसून सांगायचे, "डोंगराचं रक्त हाय आपलं. घट्ट. त्या रोगाला आत शिराय वाट घावत न्हाई." मी गिरणीत येणाऱ्या जाणाऱ्याला हेच ऐकवायची, वर नाचणीचं कौतुक करायची.

कावळा शिवेना

एप्रिलमध्ये भावकीतले आबा गेले. माझे चुलत सासरे. नव्वदी ओलांडलेले, म्हातारपणानं गेले, त्यात रोगाचा काही संबंध नाही. दहाव्याला मोजकी माणसं बोलवा असं तलाठ्यानं बजावून सांगितलं होतं. भावकी म्हणजे मोजकीच, असं आम्ही मानलं. बाहेरच्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडले आणि घरची पन्नास माणसं नदीवर गेली.

लेकी मात्र कुणीच येऊ शकल्या नाहीत. एसटी बंद, नाक्यावर पोलीस. माझी नणंद शारदावन्सं भोरला दिलेली. आबांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. ती फोनवर हमसून हमसून रडली. आबांच्या स्वतःच्या तिन्ही लेकी तशाच आपापल्या घरी अडकून पडल्या. आमची रूपा तेव्हा शारदावन्संकडे राहून भोरच्या एका औषधाच्या दुकानात काम करत होती, तीही आली नाही. बायका कुजबुजल्या, "बापाच्या धाव्याला लेक न्हाई, काय ही येळ."

पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळे झाडावर बसलेले, पण खाली एक उतरेल तर शपथ. तात्यांनी हात जोडून सांगितलं, घर सांभाळतो. चुलत दिरांनी सांगितलं, बैल विकत नाही. कावळा ढिम्म. तेवढ्यात वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. सगळी पन्नास माणसं जवळच्या समाजमंदिरात शिरली. गार वारा आत येतो म्हणून दारं लावली, खिडक्या लावल्या, एक तेवढी कावळा बघायला फटीएवढी उघडी. अडीच तास आम्ही तिथं मांडीला मांडी लावून बसलो. चहा झाला, आबांच्या आठवणी निघाल्या, बायका रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

गारा थांबल्यावर शेवटी आबांच्या सुनेनं पिंडापाशी जाऊन सांगितलं, "मामंजी, लेकींवर राग धरू नका. गाडी बंद हाय म्हनून आल्या न्हाईत वो त्या." आणि कावळा उतरला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. आबांचा जीव लेकींत अडकला होता म्हणे.

कुणाच्या श्वासातून काय पसरलं, मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. सहाव्या दिवशी माझा पट्टा जळला.

सतरा नंबर

वेल्ह्यात तपासणी झाली. मी पॉझिटिव्ह, तात्या पॉझिटिव्ह, त्यांची बायको आक्का पॉझिटिव्ह, आमचे हे पॉझिटिव्ह. ह्यांना एक दिवस सर्दी झाली, चार शिंका आल्या, संपलं. ते गोठ्याशेजारच्या खोलीत राहिले. आक्काला ताप आला नि गेला. मला आणि तात्यांना धाप लागायला लागली म्हणून एकाच ॲम्ब्युलन्समधून भोरच्या सेंटरला नेलं. घाटाच्या वळणांवर तात्या खोकत खोकत म्हणाले, "सुमन, बसायला जागा मिळाली आज. कंडक्टरबी वरडत न्हाई." मी हसले. तात्यांशी माझं ते शेवटचं हसणं.

आत गेल्यावर माझं नाव गेलं, मी सतरा नंबर झाले. सकाळी सहाला दिवे लागायचे, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचे, मग अंडं, मग गोळ्या, मग "सतरा, पालथ्या व्हा". दिवसात किती तास पालथं पडलं ह्याचा हिशेब डॉक्टरीणबाई ठेवायच्या. मी म्हणायची, गिरणीवाली पोत्यासारखी पडली. नाकात नळी होती. बोलताना वाक्य तोडून बोलावं लागायचं, आणि माझ्यासारख्या बाईला ती खरी शिक्षा होती.

भीती वाटत होती का? वाटत होती. सरळ सांगते. समोरची खाट एका सकाळी रिकामी दिसली, चादर बदललेली, तेव्हा मी उशी तोंडात धरून रडले. मला मरायची भीती होतीच, पण त्याहून वाईट वाटायचं ते हे, की घरच्यांना लांबून फक्त पिशवी दिसेल.

शेजारच्या अठरा नंबरला हमीदाआपा होत्या, भोरच्याच, बांगड्यांचा धंदा. साठीच्या, अंगानं बारीक, जिभेनं तिखट. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "डोंगरावरची ना तू? तुमाला व्हत न्हाई म्हने?" मी विचारलं, "आन् तुमाला?" त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीतबी हेच. आमाला व्हत न्हाई, आमी लसूण-मिरची खानारी मानसं. आता बघ, तुझं घट्ट रक्त आन् माजं तिखट रक्त, दोगी येका पायपावर." त्या अवस्थेतही आम्ही दोघी हसलो आणि दोघींना खोकला आला, तेव्हा नर्सबाई रागावल्या.

रूपा रोज दुकानातून सुटली की डबा घेऊन फाटकापाशी यायची. खिडकीतून तिचं डोकं तेवढं दिसायचं. ती हात वर करायची, मी हात वर करायची. माझ्यासाठी दिवसभरातलं औषध म्हणजे तो हात.

पाचव्या दिवशी तात्यांना पुण्याला हलवलं. आठव्या दिवशी रूपानं खिडकीखालून फोन केला. मी तिचं तोंड बघत होते. "आई, तात्या गेले," एवढंच म्हणाली. ज्या माणसानं घर सांभाळतो म्हणून पिंडाला हात जोडले होते, तो त्या दहाव्यापासून अठरा दिवसांत आबांच्या मागे गेला.

एका भोकाला एक, दोन भोकांना दोन

ह्यांचा फोन यायचा, पण बोलणं नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. एकदाच म्हणाले, "सुमन, येका आईच्या पोटचे आमी. येका ताटात जेवलो. येका भिंतीला टेकून बसलो व्हतो त्या दिशी. मला चार शिंका, आन् त्येला… का गं?" मग गावानं उत्तर शोधलं.

शारदावन्संनी मला ते चाचरत सांगितलं. बाजारात बोलणं उठलं होतं की हा रोग आमच्याच भावकीला धरतोय, कारण आमच्या रक्तात खोड आहे, आणि खोडीची खूण म्हणजे कानाचं भोक. तात्यांना दोन भोकं, ते गेले. एक भोक असलेला चुलत दीर ऑक्सिजनवर गेला. आमच्या ह्यांना भोक नाही, ते शिंकून मोकळे. झालं, पक्कं! ज्या भोकाला काल देवाची सुई म्हणत होते, त्याला आज यमाची सुई म्हणायला लागले. कान झाकून फिरायला लागली हो पोरं.

आणि दुसऱ्या दिवशी किरणच्या आईचा फोन. आवाज मऊ होता, वैर नव्हतं. "सुमनताई, रागावू नगा. मला येकच ल्योक हाय. तुमच्या रूपाच्या कानाला ती खून हाय. उद्या तिला काय झालं, तिच्या लेकरास्नी काय झालं, तर म्या कुनाकडं बघू? तुमी तिचं रगत तपासून डाक्टरचा तसा कागद आना. मग बघू लग्नाचं."

फोन ठेवला आणि आकडा खाली गेला. खरंच गेला, चिमट्यात दिसला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. मी धापा टाकत म्हटलं, "बाई, मला माझ्या पोरीचा कागद द्या." त्यांना वाटलं मला भ्रम झाला.

हमीदाआपांनीच सगळं सांगितलं मग. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रूपापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्या पांढऱ्या पोशाखात चेहरा दिसायचा नाही, पाठीवर नाव लिहिलेलं. खाटेच्या कडेला बसल्या, तिथं कधी कुणी बसत नसे.

"ताई, असा कागद जगात कुणी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण रक्तात काहीच नसतं, असंही मी खोटं सांगणार नाही. आईबापांकडून आपल्याला हजारो गोष्टी येतात. त्यातल्या काहींमुळे हा आजार एखाद्याला जड जातो, एखाद्याला हलका, असं शास्त्रज्ञांना दिसलंय. वारशातला एक तुकडा आपल्याकडच्या लोकांत बऱ्याच जणांमध्ये सापडतो, आफ्रिकेत जवळजवळ नाही. फार जुन्या काळच्या माणसांकडून आलेला. पण तो आडनाव बघून येत नाही. तुमच्यात असेल, माझ्यात असेल, हमीदाआपांच्यात असेल. आणि असला म्हणजे माणूस जातोच, असं मुळीच नाही. वय, साखर, वजन, दवाखान्यात यायला झालेला उशीर, ह्यांचा भार पुष्कळदा त्याहून मोठा असतो."

"आन् भोक?"

"भोक वारशानं येतं, हे खरं. आजार झेपण्याचंही काही वारशानं येत असेल, हेही खरं. पण दोन्ही एकाच पिशवीतून येतात, हे कुणी सांगितलं?"

बोलणं पटलं होतं, पण विहीणबाईंना पटवायला ते पुरणार नव्हतं. त्यांना पिशव्या दिसणार नव्हत्या, कान दिसत होता.

डब्यांची रांग

आमच्या धंद्यात एक पद्धत असते. सणाच्या आदल्या दिवशी पन्नास पन्नास डबे येतात. सगळे सारखेच. मी प्रत्येकावर खडूनं खूण करते आणि कुणाच्या मागे कुणाचं दळलं ते डोक्यात ठेवते. कुणी पीठ परत आणून म्हणालं, "सुमन, भाकरीला मिरचीचा ठसका येतोय," तर मी पिठाला नावं ठेवत नाही. तिच्या आधी कुणाचा डबा दळला ते आठवते. दहातल्या नऊ वेळा दोष धान्यात नसतो, रांगेत असतो.

पालथी पडल्या पडल्या मी समाजमंदिराची रांग लावली. हमीदाआपांनी गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला, नर्सबाईंनी पेन. कोण कुठल्या भिंतीला, कोण खिडकीच्या फटीशी, कोण दाराशी. मग आजारी पडलेल्यांवर फुल्या मारल्या. मागच्या कोपऱ्यात, जिथं वारा जरासुद्धा नव्हता, तिथं फुल्यांची गर्दी. फटीशी कावळा बघत उभे होते त्या दोघांना काही नाही, आणि त्यातल्या एकाच्या दोन्ही कानांना भोकं!

हमीदाआपा पुठ्ठा बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यातल्या बाया कोन कोन?"

मी नावं सांगितली. मी स्वतः, माहेर सासवडकडचं. आक्का, मुळशीची. आबांची सून, वाईची. धाकटी जाऊ, थेट घाटाखालची, महाडची.

"म्हंजे समद्या सुना," हमीदाआपा म्हणाल्या. "सुनांचं रगत तुमच्या भावकीचं कुटं असतंय?"

अगं बाई! माझ्या कानाला कुठं भोक होतं? मी नळी लावून पडले होते आणि माझ्या सात पिढ्यांत तसला कान नव्हता. आणि लेकी? शारदावन्सं, दोन्ही कानांना भोकं, भोरला खडखडीत. आबांच्या तिन्ही लेकी खडखडीत. रूपा, दिवसभर औषधाच्या दुकानात आजाऱ्यांच्या घरच्यांत उभी, तोंडाला मास्क, खडखडीत. रक्त भावकीचं ते लेकींचं, आणि लेकी वाचल्या. रक्त परकं ते सुनांचं, आणि सुना पडल्या. कारण सुना त्या खोलीत होत्या, आणि लेकींची एसटी बंद होती.

मी डॉक्टरीणबाईंना पुठ्ठा दाखवला. त्या काचेमागे हसल्या, डोळे बारीक झाले त्यावरून कळलं. पण त्या खरं बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "ह्यानं भोक सुटलं आरोपातून. आजार कुणाला लागला, ते ह्यातून कळतं. पण लागल्यावर तात्यांना जड का गेला आणि तुमच्या यजमानांना हलका का, ते ह्यात नाही. तात्यांची साखर इथं आल्यावर पहिल्यांदा कळली, चारशेच्या वर होती. ते एक कारण. वारसाही थोडा असेल. सख्ख्या भावांतही सगळं सारखं येत नाही. बाकी आम्हालाही अजून माहीत नाही."

मला ते "माहीत नाही" फार बरं वाटलं. गावाला सगळं माहीत होतं ना!

मिसरी

चौदाव्या दिवशी सकाळी मला एकदम कसलासा जळकट, उग्र वास आला. मी उठून बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हमीदाआपा चादरीआड काहीतरी दाताला लावत होत्या. मिसरी! सेंटरमध्ये चोरून आणलेली तंबाखूची मिसरी. मला आयुष्यात त्या वासाचा तिटकारा. त्या दिवशी मी त्यांच्या हाताचा मुका घेतला. त्या घाबरून म्हणाल्या, "नर्सबाईला सांगू नगंस गं."

तीन दिवसांनी मला सोडलं, आपांना दुसऱ्या दिवशी. आजही भोरला गेले की आधी त्यांच्याकडे बांगड्या भरते.

घरी आल्यावर सोपं नव्हतं. पायऱ्या चढताना दम लागायचा. गिरणीत कुणी दळण टाकेना, "त्यांच्या घरचं पीठ नको" म्हणून. हे तासन् तास गोठ्यात बसून राहायचे. आक्का आमच्या दारासमोरून पदर ओढून जायची. तिनं एकदाच तोंड उघडलं, "तुझा नवरा शिंकून उठला, माझा न्हाई उठला." त्यात तिची काय चूक? मी तिच्या जागी असते तर मी भांडीही फेकली असती. पण तेव्हापासून तिनं आमचा उंबरा ओलांडला नाही.

तपासणीला गेले तेव्हा हे बरोबर आले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "कुनी असला अभ्यास करत आसंल तर माजं रगत घ्या. मी का वाचलो, ते मलाबी कळू द्या." त्यांनी फोन नंबर लिहून घेतला. अजून कुणी बोलावलं नाही, पण माणूस त्या दिवशी येताना घाटात पहिल्यांदा खिडकीबाहेर बघत बसला.

कापूरहोळ

मे गेला, जून गेला. लग्न लांबणीवर म्हणजे मोडल्यातच जमा. रूपा केस कानावर ओढून बसायची. ते मला बघवेना. एक दिवस मी पुठ्ठा पिशवीत घातला, तिला म्हटलं, "चल. केस मागं बांध आन् चल."

किरणचं घर हायवेच्या कडेला, पुढे त्याचं गॅरेज. विहीणबाईंनी पाणी दिलं, नजर दिली नाही. "कागद आनलात?" त्यांनी विचारलं.

"आणला," म्हणून मी पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. गोळ्यांचं खोकं बघून त्या चक्रावल्या. मी सगळं सांगितलं. कावळा, गारा, बंद दारं, फुल्या. कोण सुना, कोण लेकी. डॉक्टरीणबाईंनी रक्ताबद्दल सांगितलेलंही सांगितलं, झाकलं नाही. "रूपाच्या रक्तात काय आहे, मला ठाऊक नाही. किरणच्या रक्तात काय आहे, तुम्हाला ठाऊक नाही. तुमचं माहेर कुठलं?"

"महाडकडचं."

"आमची धाकटी जाऊबी महाडची. तीबी पडली. मग काय महाडचं रक्त वाईट म्हणायचं?"

विहीणबाई पुठ्ठ्यावर बोट फिरवत होत्या. फुलीवरून फुलीवर. पुढे गॅरेजमध्ये किरणची हातोडी थांबली होती, तो ऐकत होता हे तिघींनाही कळत होतं. मग त्या म्हणाल्या, "समद्या सुनाच की वो."

"हो."

"मागच्या कोपऱ्यात बशिवलं व्हतं सुनांना. म्हंजे… कुनी बशिवलं?"

"कुणी नाही. आम्हीच बसलो. पुढं बसायची सवय कुठंय आपल्याला?"

त्यांचे डोळे भरले. "माज्याबी लग्नापास्नं माजी जागा तितंच हाय, मागच्या भिंतीला," त्या म्हणाल्या. मग रूपाकडे बघितलं, पहिल्यांदा नीट, आणि तिच्या उघड्या कानाकडेही बघितलं. "पोरी, रगतातलं मला काय कळत न्हाई. पर माज्या घरात तू कुटं बसायचं, त्ये माज्या हातात हाय. तू खिडकीपाशी बस."

हातोडी परत सुरू झाली, आणि भलतीच जोरात.

मागच्या वर्षी

लग्न झालं. अंगणात झालं, उघड्यावर, आणि विहीणबाईंनी मंडपाची एक बाजू कनातीशिवाय ठेवायला लावली. लोक हसले, हसू देत. आमच्या भावकीतही आता दहाव्याला समाजमंदिराची दारं उघडी असतात, कितीही वारा असो. आणि चाळिशी उलटलेला प्रत्येक माणूस साखर तपासून आलाय. मी दळण घेताना विचारते, "तपासलीस का?" नाही म्हणाला तर डबा रांगेत शेवटी. तुम्हीही तपासा. कानाकडे बघत बसू नका.

मागच्या वर्षी रूपाचे दिवस भरले. बाळंतपण भोरला झालं, तिच्याजवळ विहीणबाई होत्या, आम्ही घरी फोनकडे बघत बसलेलो. दुपारी फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"सुमनताई, नात झाली! दोगी खुशाल हायेत." आणि मग विहीणबाई थांबल्या. "म्या आदी कान बगितलं."

"मग?"

"दोन्ही कानाला हाय वो! देवानंच टोचून धाडलीया. सोनाराचं काम वाचलं!"

आमचे हे उभे राहिले. फोनकडे वाकून म्हणाले, "परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. "दोन्ही?" "व्हय, दोन्ही!" मग ते तसेच अनवाणी अंगण ओलांडून आक्काच्या दारात गेले. दोन वर्षांत ज्या दारात त्यांची मान वर झाली नव्हती, तिथं उभे राहून लहान पोरासारखे ओरडले, "आक्का! दोन्ही कानाला हाय!"

आक्का हात पुसत बाहेर आली. त्यांच्यामागून चालत आली आणि आमचा उंबरा ओलांडून माझ्याशेजारी बसली. "फोटो आला आसंल की. दाव," म्हणाली.

मी दाखवला. तिला मोबाईल येत नाही, तरी दोन बोटांनी ताणून ताणून तिनं तो कान मोठा केला. ह्यांचे डोळे गळत होते, माझेही. मग ती म्हणाली, "ह्या पोरीला लई जपा रं. ह्यो कान सांगितलेलं काय बी ऐकायचा न्हाई. मला ठावं हाय, असल्याच कानासंगं जनमभर नांदले म्या." आणि तात्या गेल्यापासून पहिल्यांदा आक्का खळखळून हसली.